लोणार : गावातून निघून गावातच परत, विवराची पूर्ण फेरी पायी

पायपीट
मंडळी, लोणारला तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं जाऊन झालं असेल. पण बहुतेकांचं लोणार म्हणजे व्ह्यू पॉइंटला गाडी लावली, कठड्याला टेकून फोटो काढला, कोणीतरी "उल्का पडली होती म्हणे" म्हणालं आणि पुढे शेगाव. मला विवराची पूर्ण गोल फेरी चालायची आहे, एसटी स्टँडला उतरायचं, तिथूनच पायी निघायचं आणि फिरून गावातच यायचं, मधे गाडी नको. सोबत आई येतेय, पासष्टच्या पुढची आहे पण रोज चालणारी, दम माझाच आधी लागतो. तर कड्यावरून फिरावं की खाली तळ्याच्या काठानं, कुठल्या बाजूनं सुरुवात करावी, किती वेळ हाताशी ठेवावा? डिसेंबरचा बेत आहे.

चाफा
खालून!! वरून काय दिसणार, हिरवट पाण्याची एक चकती. खरं लोणार खाली आहे. झाडीतली देवळं, मोर, वानरं, तो विचित्र वास, सगळं खालीच. कड्यावरून फिरणं म्हणजे लग्नाला जाऊन मांडवाबाहेरून परत येणं.

खडकवेडा
चाफा, पूर्ण असहमत :) खाली गेलात की तुम्ही एका दरीत असता, छान झाडी असलेली दरी, बस. आपण एका गोल खड्ड्यात आहोत हे तिथून कळत नाही, कारण चारी बाजूंनी झाडं आणि उतार. ते कळतं फक्त कड्यावर, तेही अर्धी फेरी झाल्यावर, जेव्हा सकाळी जिथून निघालो ती जागा बरोब्बर समोर दिसते आणि तिथपर्यंत न तुटता वळत गेलेली कड दिसते. नदीनं कोरलेल्या दरीला एक वरचं तोंड असतं आणि एक खालचं, इथे दोन्ही नाहीत. धारेच्या, म्हणजे गोमुखाच्या झऱ्याच्या बाजूला, ईशान्येला, कडा ओढ्यानं कापलाय तेवढाच. पाणी आत येतं, बाहेर जायला वाटच नाही.

आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. विवराचा सरासरी व्यास १.८ किलोमीटरच्या जरा वर, खोली कड्यापासून दीडशे मीटरच्या आत-बाहेर, तळ्याचा व्यास साधारण १.२ किलोमीटर. म्हणजे कड्यावरून घेर सहा किलोमीटरच्या आसपास आणि खालून चार. त्यात गावातून जाणं-येणं आणि अंबर तळ्याचा फाटा धरला तर आठ-नऊ. रोज चालणाऱ्या माणसाला अवघड नाही, पण भरभर उरकायची गोष्टही नाही ही.

आणि आईंना घेऊन जाताय तर मुद्दाम वरूनच जा. खाली उतरलं की तेवढं सगळं परत चढायचं असतं, हे लोक सकाळच्या उत्साहात विसरतात.

मेहकरकर
राम राम भाऊ. मी इथलाच, लोणार आमाले घरच्यासारखं. खडकवेडा भाऊ बरोबर सांगून रायले. खालून पुरी फेरी आता होतच नाई, लोक सांगतीन होते म्हून, ते जुनं सांगतात. पाणी वाढलं हाय. कमळजा मायच्या देवळापर्यंत पाणी येते, काठाची वाट कुठी पाण्यात, कुठी चिखलात. अन तो चिखल साधा नाई, वरून वाळलेला दिसते अन पाय ठिवला की भसकन आत. म्हाताऱ्या माणसाले घेऊन तिकडं जाऊ नोका. वर फिरा, मंग खाली फक्त धारेकडून जेवढं जमते तेवढं उतरा अन त्याच वाटेनं वर या.

चाफा
ओह, पाण्याचं असं झालंय हे माहीत नव्हतं, मी गेले तेव्हा काठ चांगला रुंद उघडा होता, पांढरी खपली धरलेला. मग ठीक आहे. पण मांडवाचं म्हणणं मागे घेत नाही.

पायपीट
धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे कड्यावरूनच. आता दिशा? गावातून निघून डावीकडे की उजवीकडे?

कॅमेरावाला
याचं उत्तर सूर्य देतो. तळं उजव्या हाताला ठेवून चाला. गाव साधारण ईशान्येला, तिथून निघून आधी पूर्वेचा कडा, मग दक्षिण, मग पश्चिम, मग उत्तरेकडून परत. सकाळी तुम्ही पूर्वेच्या कड्यावर असता, ऊन पाठीवर आणि समोरची पश्चिमेची भिंत पूर्ण उजळलेली, खडकाचे थर मोजता येतील इतके स्वच्छ. दुपारी दक्षिणेला पोचाल तर डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडेच कललेला असतो, म्हणजे परत पाठीशी. आणि तीन-साडेतीननंतर पश्चिमेला असाल तर तेच, ऊन मागून आणि पूर्वेची भिंत तांबूस. उलट्या दिशेनं गेलात की दिवसभर डोळ्यावर ऊन आणि समोर नुसता काळा पट्टा. मी दोन्ही करून बघितलंय.

जुनंपुराणं
आणि योगायोग बघा, तळं उजव्या हाताला ठेवून चालणं म्हणजे प्रदक्षिणाच झाली. आईंना वेगळं सांगावं लागणार नाही.

सुरुवात मात्र एसटी स्टँडवरून सरळ कड्याकडे करू नका, आधी गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ. ताऱ्यासारखा, मुद्दाम कोन पाडत नेलेला आराखडा आहे, बाहेरच्या भिंती कोरीव कामानं भरलेल्या आणि आत छतावर जे कोरलंय ते बघायला टॉर्च लागतो, मोबाइलचा पुरत नाही, खरा टॉर्च घ्या. देव म्हणजे विष्णू, लवणासुराच्या अंगावर उभा. कथा अशी की हा असुर जमिनीखाली बिळात राहायचा, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं बिळावरचं झाकण उडवलं, ते झाकण लांब ढाकेफळजवळ जाऊन पडलं आणि तिथली टेकडी झाली, उघडं पडलं ते बीळ म्हणजे हे विवर. तळ्याचं पाणी म्हणजे त्याचं रक्त आणि त्यातलं मीठ म्हणजे मांस.

आता विचार करा, जमिनीवरून काहीतरी उडून लांब जाऊन पडलं आणि खाली भोक उरलं. हे लोकांनी कुठून काढलं असेल! मी यातून कसलाही निष्कर्ष काढत नाहीये, खडकवेडा लगेच येईल म्हणून आधीच सांगून ठेवतो.

खडकवेडा
आलोच :) निष्कर्ष नको, पण उडालेल्या दगडांबद्दल सांगतो कारण ते फेरीत पायाखालीच आहेत. आघात झाला तेव्हा आतला बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा खडक, फुटून बाहेर फेकला गेला, तो विवराच्या भोवती एखाद-सव्वा किलोमीटरपर्यंत पसरलाय. कडा आजूबाजूच्या शेतांपेक्षा वीसेक मीटर उंच आहे तो बराचसा त्यामुळे. गावातून कड्याकडे जाताना हलका चढ लागतो ना, तो चढ म्हणजे डोंगर नाही, विवरातून निघालेला माल आहे.

आणि एक गोष्ट नक्की बघा. आपल्याकडे दख्खनच्या बेसाल्टचे थर आडवे असतात, सह्याद्रीत कुठेही बघा, पायऱ्या-पायऱ्या. लोणारच्या भिंतीतही असे पाच-सहा थर दिसतात, पण वर कड्याजवळ आले की ते आडवे राहत नाहीत, बाहेरच्या बाजूला कलतात, काही ठिकाणी तर पार उलटलेत. आतून जोरात धक्का बसून कड उचलली गेली त्याची ती खूण. कॅमेरावाल्यानं सांगितलेल्या सकाळच्या उन्हात पूर्वेकडून समोर बघा, कललेली रेघ सापडेल. ती एकदा सापडली की मग सगळीकडे दिसायला लागते.

निरभ्र
हे विवर ५२ हजार वर्षांपूर्वीचं ना? बोर्डवर तसं वाचलेलं आठवतंय.

खडकवेडा
५२ हजार हा थर्मोल्युमिनेसन्सनं, म्हणजे नमुना तापवून त्यातून निघणारा प्रकाश मोजून काढलेला आकडा, तोच सगळ्या पुस्तकांत आणि बोर्डांवर गेला. नंतर २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीनं, म्हणजे खडकातला आर्गॉन वायू मोजून काढलेलं वय साधारण ५ लाख ७० हजार वर्षं आलं. दहापटीपेक्षा जास्त फरक आहे, आणि मला दुसरा आकडा जास्त पटतो, पण वाद आहे हे खरं. खडक स्वतः मात्र साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे टार्गेट जुनं आणि खड्डा त्यामानानं कालचा.

उल्काच पडली हेही फार उशिरा नक्की झालं. बेसाल्ट म्हटलं की ज्वालामुखी, त्यामुळे बरीच वर्षं हे ज्वालामुखीचं तोंड समजायचे. १९७३ च्या संशोधनात इथल्या खडकात मास्केलिनाइट सापडलं, म्हणजे प्रचंड दाबाखाली काच झालेलं फेल्डस्पार नावाचं खनिज, ते ज्वालामुखीत होत नाही. बेसाल्टमध्ये पडलेली आणि इतकी चांगली टिकलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी, चंद्रावर मात्र तसलाच खडक, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे इथे येऊन बसतात.

निरभ्र
भारी. मग एक छोटा दगड आणायला हरकत नाही ना, घरी ठेवायला 😄

खडकवेडा
हरकत आहे. मोठी हरकत आहे. २००० सालापासून हे अभयारण्य आहे, राष्ट्रीय भूवारसा स्थळ आहे, दगड काय वाळकं पानही उचलायचं नाही. आणि विज्ञानाच्या बाजूनं सांगायचं तर तो दगड कुठे पडला होता यालाच किंमत आहे, तुमच्या शोकेसमध्ये तो नुसता काळा दगड. रस्ते, बांधकामं, शेतं यांनी बाहेरचा हा पसारा आधीच बराच खराब झालाय, किन्हीकडे जाणारा रस्ता बघा कड्याला किती लगटून गेलाय ते. त्यात आपण भर नको.

मेहकरकर
बरोबर हाय. येतात अन गोटे घेऊन जातात, मंग दुसऱ्या दिवशी ते गाडीत टोचते म्हून धाब्यावर फेकून देतात. कायले न्यायचे मंग?

वाटेचं सांगतो पायपीट भाऊ. दैत्यसूदन झालं की धारेवर या, गोमुख. तिथलं पाणी बारमाही हाय, वऱ्हाडात टँकर फिरत असतात तवाबी धार चालूच राह्यते. बाया-बापे आंघोळीले येतात, सकाळी गर्दी ऱ्हायते, सोमवारी जास्त. तिथून खाली उतरायची वाट हाय, पण ते शेवटी ठिवा नाईतर तिथंच दिवस जाईन. तुमी पूर्वेच्या बाजूनं व्ह्यू पॉइंटकडं चाला, इथपर्यंत वाट चांगली. दक्षिणेले गेले की माणसं कमी होतात. पश्चिमेले झाडोरा दाट, दिवाळीच्या आधी गेले तर गवतात वाट बुजलेली असते, डिसेंबरात गवत वाळून बसते, मंग बरं पडते. काटे हायेत, वेडी बाभूळ, फुल पँट घाला. बिबट हाय या भागात, पण दिवसा माणसाच्या आवाजानं तो समोर येत नाई, फक्त अंधार पडाच्या आत निघा.

अन वनखात्याच्या गेटवर विचारल्याशिवाय आत पाय टाकू नोका. कोणती वाट चालू, कोणती बंद, हे दर सीझनले बदलते. गावातला एखादा गाइड घ्या, पोट्टे चांगले हायेत, सगळं दाखवतात.

पायपीट
वा, हेच पाहिजे होतं. गाइड घेतोच. अंबर तळ्याचं कोणीतरी लिहिलं होतं वर, ते वाटेत येतं का?

जुनंपुराणं
उत्तरेला येता तेव्हा कड्यापासून साधारण ७०० मीटर बाहेर. छोटं तळं, याला धाकटं लोणार म्हणतात. त्याच्याजवळ मोठा मारुती, झोपलेल्या मुद्रेतला, शेंदूर लावलेला. मूर्तीच्या दगडात लोहचुंबक आहे असं तिथे सांगतात, गाइड होकायंत्र काढून दाखवतो, सुई हलते की त्याचा हात हलतो ते तुम्ही ठरवा. फेरी इथून गावात उतरवली की आलेली वाट परत तुडवावी लागत नाही.

खडकवेडा
मुख्य उल्केचा एक तुकडा फुटून अंबर तळं झालं असं काही जणांनी मांडलं होतं, ते सगळ्यांना पटलेलं नाही. सुईचं म्हणाल तर बेसाल्टात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतंच, महाराष्ट्रात कुठल्याही काळ्या कातळावर सुई थोडी बहकते. त्यासाठी उल्केची गरज नाही आणि मारुतीचीही.

जुनंपुराणं
मारुतीची गरज कोणाला कशासाठी असते हे आपण दुसऱ्या धाग्यावर बोलू :)

चाफा
एक विचारते, तो वास अजून येतो का? मला तर कड्यावरसुद्धा आला होता, सडक्या अंड्यासारखा. आणि २०२० ला पाणी गुलाबी झालं होतं ते आता परत होईल का, जूनमध्ये जायचा विचार करतेय मुद्दाम.

खडकवेडा
वास तळाच्या गाळातून येतो, वारा तुमच्याकडे असेल तर वरपर्यंत. पाणी एकाच वेळी खारं आणि अल्कधर्मी आहे, पीएच दहाच्या आसपास, समुद्राचा आठच्या जरा वर असतो. असल्या पाण्यात हिरवी-निळी शेवाळं मात्र जोमात वाढतात, म्हणून एरवी रंग हिरवा. जून २०२० मध्ये पाऊस यायच्या आधी पाणी खूप आटलं, खारटपणा वाढला आणि मिठात राहणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले, त्यांच्या रंगद्रव्यानं तळं गुलाबी. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले होते. गंमत अशी की ते पाणी बाटलीत नुसतं ठेवून दिलं तर गाळ खाली बसून वरचं पाणी स्वच्छ झालं, म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच. आता पातळी वाढलीय म्हणजे खारटपणा पातळ होतोय, त्यामुळे गुलाबी बघायला म्हणून जूनमध्ये जाऊ नका, नुसत्या भाजून निघाल. त्याच वर्षी नोव्हेंबरात तळं रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं, नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं.

पातळीवरून मला खरी काळजी वाटते. लोकांना पाणी वाढलं की बरं वाटतं, पण इथे गोडं पाणी वाढणं म्हणजे जे दुसरीकडे कुठेच जगत नाही ते मरणं. हे तळं भरलेलं असण्यासाठी प्रसिद्ध नाहीये.

जुनंपुराणं
यावरून आठवलं, या खारेपणावर एकेकाळी अख्खा धंदा चालायचा. आईन-ए-अकबरीत वऱ्हाडच्या वर्णनात लोणार आहे, काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथे मिळतं असं त्यात नोंदवलंय. पुढे इंग्रजी अमदानीतही उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावरचा खार गोळा करायचे, त्याच्या प्रतींना वेगवेगळी नावं होती, डल्ला, पापडी, खुप्पल अशी. चाफाला दिसलेली पांढरी खपली तीच. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं हे बघितलं तर सगळीकडे "लोणारचा शोध लागला" म्हणून छापतात. वर एवढं कोरीव देऊळ उभं, आईन-ए-अकबरी लिहिणाऱ्या अबुल फजलला ठाऊक, आणि शोध म्हणे १८२३ ला.

निरभ्र
सासू-सुनेची विहीर खरंच आहे का? अर्धी गोड, अर्धी खारी?

मेहकरकर
हाय ना, कमळजा मायच्या समोर. एकीकडून झऱ्याचं गोड पाणी, दुसरीकडून तळ्याचं खारं, असं सांगतात. सासू कोणती अन सून कोणती ते मातर कोणी सांगत नाई. पाणी वाढलं की विहीर बी पाण्यातच, तवा दिसीनच याचा भरवसा नाई.

पायपीट
तर बेत असा जमतोय. सकाळी उजाडता दैत्यसूदन, मग गोमुख, तिथून पूर्वेच्या कड्यानं आठच्या सुमारास व्ह्यू पॉइंट, रमतगमत दक्षिणेला, तिथे सावली बघून डबा. दुपारनंतर पश्चिम, मग अंबर तळं, मोठा मारुती, गावात परत. खाली उतरणं दुसऱ्या दिवशी सकाळी, धारेकडून, आईला वाटलं तर. बरोबर?

कॅमेरावाला
परफेक्ट. फक्त डब्याला फार वेळ घालवू नका, डिसेंबरात दिवस लहान, सहाच्या आत सूर्य जातो. पश्चिमेची बाजू साडेचारला आटपायला हवी म्हणजे अंबर तळं उजेडात होईल. पाणी माणशी दोन लिटर धरा, कडा उघडा आहे आणि हिवाळ्यातही दुपारचं ऊन लागतं.

खडकवेडा
खाली उतरणं वेगळ्या दिवशी ठेवलंत हे फार बरं केलंत. आदल्या दिवशी वरून सगळं बघितलेलं असतं, मग उतरताना कळतं आपण कुठल्या भिंतीतून खाली चाललोय.

चाफा
आणि खाली गेल्यावर दहा मिनिटं गप्प बसा, वर वारा भणाणत असतो आणि खाली पान हलत नाही. एवढं माझं ऐका, बाकी सगळं खडकवेडाचं ऐकलंयच तुम्ही.

मेहकरकर
परतीचं सांगायचं राह्यलं. मेहकरले जायाले गाड्या भेटतात, जालन्याकडं मंठ्यावरून. संध्याकाळची शेवटची कितीची ते आल्या आल्या स्टँडवर विचारून ठिवा, बोर्डावर लिवलेल्यावर जाऊ नोका. जालन्यावरून येत असान तर सिंदखेडराजावरून या, जिजाऊ मांसायबाचा वाडा वाटेतच होते.

निरभ्र
मीपण येऊ का सोबत? माझ्याकडे ड्रोन आहे, वरून पूर्ण गोल एका फ्रेममध्ये येईल.

खडकवेडा
अभयारण्य आहे हो. परवानगीशिवाय ड्रोन उडवला तर जप्त होईल, वर दंड.

मेहकरकर
तुमी या, ड्रोन घरी ठिवा.